शेऱ्याचा रकाना

बर्फाच्या कारखान्यात तापमान लिहितात
हे ऐकून बहीण हसली होती.
पण लिहितात. रोज दुपारी दोनला,
गोदामाच्या उत्तरेच्या भिंतीवर बघून,
कारण लादी किती वेळ टिकेल
हे मिरकरवाड्यातला तांडेल आधी विचारतो,
भाव नंतर.

माझ्याआधी सदतीस वर्षं याकूब होडेकर लिहायचे.
निळी शाई, मुंगीएवढं अक्षर,
साताच्या मधून एक आडवी रेघ.
वह्या खारी हवा पिऊन फुगल्यात,
पान उलटलं की पापडासारखं वाजतं.

काल बर्फ फोडणारे पोरगे शिमग्याच्या पालखीला गेले,
क्रशर बंद, मी एकटी.
साऱ्या वर्षांचे मार्च काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले.
नव्वद साल: एकतीस, एकतीस, साडेतीस.
दोन हजार दोन: तेहतीस.
अठरा: छत्तीस, आणि एका दिवशी सदतीस,
साताच्या पोटातली रेघ जरा जोरात ओढलेली.
काल, माझ्या हातचं: एकोणचाळीस.

आकडे जिना चढत होते
आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
काहीतरी सापडल्याचं बरं वाटणं.
रत्नागिरी तापली, हे बघा, लेखी आहे.

मग बाहेर जाऊन भिंत बघितली.
भिंतीला खिळे दोन.
एक गंजलेला, त्याच्याखाली चुन्यावर तपकिरी ओघळ.
तिथं पूर्वी करंजाची सावली पडायची म्हणे,
रस्ता रुंद झाला तेव्हा करंज गेला.
दुसरा खिळा, माझा, पत्र्याच्या शेडपासून हातभर.
म्हणजे मी कशाशी काय ताडून बघत होते?
सावलीत बसलेल्या माणसाशी
उन्हात उभी असलेली बाई.

संध्याकाळी राजिवड्याला गेले.
चाचा ओट्यावर, एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
मोतीबिंदू नुकताच काढलेला.
"खिला मीच हलवला गो.
मालक बोलला, सावलीतला आकडा गिऱ्हाइकाला पटत नाय."
"मग आकडे खोटे?"
"आकडे खरे. भिंत वेगली."
"मग मी बघायचं काय?"
"शेरा बघ," म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

शेरा. उजवीकडचा बोटभर रकाना,
जो मी रोज कोरा सोडते.
त्यात त्यांनी वारा लिहिलाय.
रात्रीची मतलई थकल्यावर
समुद्रावरून पहिला गार हात कधी आला, ती वेळ.
नव्वद: साडेदहा, पावणेअकरा, साडेदहा.
दोन हजार दोन: बाराच्या सुमारास.
अठरा: एक वाजून गेला.
एकदा नुसतं: "अडीच. तोवर दोन लाद्यांचं पाणी."
वाऱ्याला खिळा लागत नाही.
करंज असो की नसो, तो यायचा तेव्हाच येतो,
किंवा येत नाही.

मधेच एका मार्चात, तारीख चौदा:
"सकीनाला मुलगी. वारा बघितला नाही."
त्या दिवशीचं तापमानही नाही.
मुलगी आता दापोलीला शिक्षिका आहे,
तिच्या जन्मदिवशी किती गरम होतं
हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही.

आज दहापासून दारात उभी राहिले.
होड्यांची निशाणं काठ्यांना चिकटलेली.
अकरा. घाटाकडून भाजलेली हवा,
जेट्टीवर बांगडे निवडणाऱ्या बायकांनी
पदर ओले करून डोक्यावर घेतले.
बारा. एक कावळा चोच उघडी ठेवून बसला.
पाऊण वाजता एक निशाण हललं,
पण ते कुणीतरी दोर ओढल्यामुळे.

दोनला लिहिलं: एकोणचाळीस पूर्णांक दोन.
शेरा: अजून नाही.

खालून तांडेल ओरडला,
"ओ बाई, लादी किती टिकेल?"
नेहमीच्या उत्तरातून मी एक तास कमी केला.
मग अर्धा आणखी.